सायबीण माघारी फिरत नाही

"उद्या सायबीण भिकाजीकडे जावची नाय," दुमिंगनं जाहीर केलं, आणि उकडलेले चणे चघळणारी सगळी तोंडं एकदम थांबली. मग पुन्हा चालू झाली. जरा जास्तच जोरात.

आवेलीनच्या सोप्यावर तेर्स, जपमाळेची सामूहिक प्रार्थना, नुकताच संपला होता. जपमाळेचे मणी खिशात गेले होते, मेणबत्त्या अजून तेवत होत्या. धारगळच्या वरच्या अंगाला हमरस्त्यापासून आत असलेल्या ह्या वाड्यातली माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि मधोमध, लेस अंथरलेल्या टेबलावर सायबीण होती. सायबीण म्हणजे मारियामाता. निळ्या शालीची, सागवानी चौकटीच्या काचपेटीतली. दरसाल मे महिन्यात ती इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, निघते आणि घरोघर एकेक रात्र वस्ती करते. ज्या घरी राहिली त्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिला शेजारच्या दारात पोचवायचं. नेम दोनच. निघालेल्या घरात ती त्या वर्षी माघारी फिरत नाही, आणि दोन घरांच्या मध्ये जमिनीला टेकत नाही. हातातून हातात.

आवेलीनचं शेजारचं घर भिकाजीचं.

भिकाजी सावंतवाडीकडचा हिंदू. तरुणपणी पाळीच्या खाणीवर ट्रक हाकायला आला आणि मग धारगळला हमरस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान टाकून इथलाच झाला. लग्नानंतर बरीच वर्षं त्याच्या लक्ष्मीची कूस उजवली नाही. तेव्हा ती ह्याच सोप्यावर, ह्याच टेबलापुढे पदर पसरून बसली होती. एक मूल दे, माझ्या जन्मभर वर्षातली एक रात्र माझ्या घरी तुझी. संदीप झाला. वाड्यानं तिचा हा नवस, ही आंगवण, मानली. पेटी पेलण्याइतके हात झाल्यापासून सायबिणीला दारात संदीपच घेई. आवेलीनचा नवरा जाकी देई, संदीप घेई. लक्ष्मी दारात निरांजन ओवाळी, अबोलीचा वळेसर पेटीवर चढवी, आणि त्या रात्री तिच्या अंगणात हिंदू कोण, क्रिस्तांव कोण, चणे वाटणाऱ्यालाही कळत नसे.

आता जाकी नव्हता.

"कित्याक जावची नाय म्हणून कोणी विचारूचां नाय," दुमिंग म्हणाला. तो वाड्याचा मुकादम. आवाज घंटेसारखा, आणि घंटेसारखाच आतून पोकळ. "ज्येच्या पोरान आमच्या जाकीक रस्त्यार मारल्यान, त्येच्या घरात आमची आवय रवतली? उद्या सायबीण सरळ पलीकडे कायतानाकडे. आवेलीन, तुझ्याखातर करतंव हां गो आमी."

"आनी आता गोंयचां वेगळां राज्य होतलां," कायतान म्हणाला. "आठवडो रवलो. भायल्यांनी आपापल्या गावाक जावचां."

"तुझी बायल बांद्याची, कायताना. तिकाय धाडतलंस काय?" कोणीतरी मागून म्हणालं, आणि सोपा हसला.

आवेलीन हसली नाही. पण छातीत काहीतरी ऊबदार पसरलं, फेणीचा पहिला घोट उतरावा तसं. बरं झालं. आपल्याला बोलावं लागलं नाही. वाड्यानंच ठरवलं.

त्या उबेची लाज तिला वाटली ती सगळे गेल्यावर.

---

गेल्या डिसेंबरात राजभाषेवरून गोवा पेटला होता. कोंकणी की मराठी, एवढ्यावर भाऊ भावाच्या अंगणात थुंकत होता. दोन्हीकडचे रस्त्यांवर झाडं आडवी पाडत होते. शिव्या मात्र दोन्हीकडून एकाच बोलीत येत. आईवरून, बहिणीवरून, जिभेवर लोणच्यासारख्या मुरलेल्या.

त्या दिवसांतल्या एका पहाटे जाकीच्या छातीत कळ आली. मॅटाडोर गाडी मिळाली. म्हापशाकडे निघाले, तर धारगळच्या वळणावर एक जुना आंबा रस्त्यात आडवा. ताजा. चीक अजून गळत होता. पलीकडे मराठीवाली पोरं कोयते घेऊन उभी. आवेलीन खाली उतरली, ओरडली, पदर पसरला. त्या घोळक्यात तिला संदीप दिसला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि मान फिरवली.

फांद्या तोडून वाट झाली, पण फार उशिरा. कोलवाळचा पूल ओलांडताना जाकीनं तिचा हात सोडला.

झाड पाडलेलं ती एकवेळ विसरली असती. झाड कोणासाठी पाडलं हे झाडालाही ठाऊक नसतं. पण ती फिरलेली मान! लहानपणी ह्याच मानेला तिनं गालगुंडाचा लेप लावला होता.

मर्तिकाला भिकाजी आला. हातात फुलांची माळ, डोक्याची टोपी काढलेली. "त्येका फाटकातच अडवा," असं आवेलीननंच सांगितलं होतं. तो माळ फाटकावर टाकून परतला. त्याच संध्याकाळी वाड्यातल्या पोरांनी त्याच्या घराची कौलं फोडली. मग आवेलीननं दोन्ही घरांमधल्या वईतली, कुंपणातली, येण्याजाण्याची फट काट्यांनी बुजवली. करवंदीच्या जाळ्या, बोरीच्या फांद्या, हाताला रक्त येईस्तोवर. ह्याच फटीशी बसून लक्ष्मी पूर्वी उडीद निवडता निवडता ओवी म्हणायची:

शेजारणी गो बाय, मधी काट्यांची ही वई,
तुझ्या दुधीचा गो वेल, माझ्या माडावरी जाई.

आवेलीननं तो वेलही कापला.

आणि तेव्हापासून आणखी एक गोष्ट झाली, ती कोणाला कळली नव्हती. तेर्सात आमच्या बापाची प्रार्थना अर्धी पुढारी म्हणतो आणि उरलेली अर्धी सगळे मिळून म्हणतात. त्या उरलेल्या अर्ध्यात ते वाक्य येतं, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. तिथं आली की आवेलीन ओठ हलवी, आवाज काढत नसे. इतक्या आवाजांत एक नसला तर देवालाही ऐकू येत नसेल, असं तिला वाटे.

कोरेस्माच्या, ईस्टरआधीच्या उपासांच्या, दिवसांत मात्र पाद्रीपुढे गुडघे टेकून पापांची कबुली देताना ते बाहेर पडलं. पाद्री बार्देशातला, तरुण, तोंडाचा फटकळ.

"पाद्र, त्येका मी मनात माफ केलंय," ती म्हणाली.

"मनात?" जाळीपलीकडून आवाज आला. "मनात पेज शिजवलीस तर कोणाचां पोट भरता गो?"

तिला राग आला. त्या रागातच ती म्हणून गेली, "सायबीण माझ्याकडे येतली तेव्हा मीच तिका भिकाजीच्या दारात न्हेतलंय. माझ्या हातान."

"बरां. मी आठवण करूचंय नाय. तुकाच आठवूक होया."

तो बेत मग तिनं ट्रंकेतल्या कोऱ्या लुगड्यासारखा जपला. अधूनमधून काढायचा, हात फिरवायचा, किती मऊ आहे म्हणायचं, आणि डांबराच्या गोळीसकट परत ठेवायचा. नेसायची वेळ आली तेव्हा दुमिंगनं सांगितलं, गरज नाही. आणि तिला बरं वाटलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वईजवळ भांडी घासत होती तर काट्यांपलीकडून हाक आली.

"आवेलीनबाय."

वईवरून आलेली पाच महिन्यांतली पहिली. आवेलीननं मान वर केली नाही.

"अंगण सारवलंय. चणे भिजत घातलंय, अख्ख्या वाड्याक पुरतले तितके. सांजेक कधी येतली ती?"

"दुमिंगाक विचार."

"दुमिंगाच्या घरात सायबीण नाय. तुझ्या घरात आसा."

"यंदा येवची नाय ती तुमच्याकडे. वाड्यान ठरवलां."

मग लक्ष्मीचा आवाज आला तो कडक होऊन, वाळलेल्या नारळासारखा. "वाड्यान आंगवण केली नव्हती. मी केलंय. तुझ्या सासवेच्या देखत केलंय."

"ज्येच्यासाठी केलंस ना, त्येनाच झाड पाडल्यान!" आवेलीननं हातातला तांब्या दगडावर आपटला. "सायबिणीन दिलेल्या पोरान! कसो हात धजलो त्येचो? आनी माका बघून मान फिरवल्यान, लक्ष्मी. मान!"

"होय. फिरवल्यान. मी नाय म्हणतंय? मी त्येच्या थोबाडीत मारलंय. त्येच्या बापाशीन मारल्यान. त्येका घेवन तुझ्या दारात कितींदा इलंव, तू आतसून कडी घातलंस. आता तो दारात बसता नि बोलना नाय, जेवना नाय. तुका काय होया? मरूक होयो तो?"

"होयो," आवेलीन म्हणाली. शब्द तोंडातून निघाला आणि तिला स्वतःलाच थंडी वाजली.

लक्ष्मी काट्यांच्या अगदी जवळ आली. "तुझो राग तुझो, बाय. ठेव. मी मागूक नाय इलंय. पण तिचां येणां माझ्या आंगवणीचां आसा, तुझ्या रागाचां नाय. मधी उभी रवा नको."

आणि ती वळून गेली. तिच्या पायांखाली वाळकी पानं वाजत राहिली.

---

तिन्हीसांजेला वाडा जमला. आवेलीननं पेटी उचलली. जाकी उचलायचा तेव्हा ती एवढी जड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं; सागवान, काच, आणि आत मातीची आई. छातीशी धरली तर चौकटीची कड बरगडीत रुतत होती. पोरीबाळी मेणबत्त्या घेऊन पुढे, दुमिंग गाणं सुरू करून मागे.

फाटकापाशी वाट दुभंगते. डावीकडे कायतान. उजवीकडे भिकाजी.

दिवसभर तिनं काहीच ठरवलं नव्हतं. मन विचारलं असतं तर मन डावीकडेच म्हणालं असतं. पण पाद्री "तुकाच आठवूक होया" म्हणाला होता, आणि लक्ष्मी "मधी उभी रवा नको." ती उजवीकडे वळली.

गाणं मध्येच तुटलं.

"आवेलीन! खंय चललंस?"

"शेजाऱ्याकडे."

"डोकां फिरलां काय तुझां? काल काय सांगलां?" दुमिंग आडवा झाला. "आमी तुझ्याखातर वाट बदलली आनी तू आमका तोंडघशी पाडतंस?"

"माझ्याखातर नाय, दुमिंगबाब. कौलां तुमच्या पोरांनी फोडली, तीं तुमका दिसतली म्हणून तुमका तिथे जावचां नाय. बाजूक व्हा."

"जाकी वर बसून बघता हां!"

"बघूंदे. तो दरसाल ह्येच वाटेन गेल्लो."

"तर मग एकटीच जा," कायतान म्हणाला. "उद्या माझ्या दारात तसल्यांच्या हातसून सायबीण इली तर मी दार उघडूचंय नाय. सांगून ठेवतंय."

फक्त पोरीबाळी मेणबत्त्या घेऊन तिच्यामागे दोन पावलं आल्या. मग त्यांच्या आयांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. आवेलीन पुढे गेली. मागे कुजबुज, मग हशा, मग कुणाचा तरी थुंकल्याचा आवाज. तिला वळून बघता येत नव्हतं, पेटी इतकी जड होती.

भिकाजीचं अंगण खरंच सारवलेलं होतं, रांगोळी काढलेली. पण अंगणाच्या तोंडाशी भिकाजी उभा होता, दोन्ही हात कमरेवर.

"थांब, वयनी. थयसरच थांब."

ती थांबली.

"राजकारण करूक इलंस? उद्या पेपरात येतलां, क्रिस्तांवांनी भायल्यांक उदार मनान माफ केलां म्हणून?"

"माझ्या हातात काय आसा तां दिसना नाय तुका?"

"दिसता. फाटकात माळ घेवन मी उभो होतंय, तां तुका दिसलां नव्हतां. जाकी माझो सोयरो नव्हतो, तरी माझ्या बापाशीक खांदो दिल्लो त्येना. आनी तुवां माका कुत्र्यासारखो भायर ठेवलंस." तो बाजूला झाला नाही. "परत घेवन जा."

"ती माघारी फिरना नाय."

"मग खाली ठेव."

"टेकना नाय ती. ठावक आसा तुका."

"मग उभी रव," भिकाजी म्हणाला.

ती उभी राहिली. हात आधी जड झाले, मग ओढायला लागले, मग त्यांत मुंग्या आल्या. मागे रस्त्यावर वाडा उभा होता. तिच्या पाठीवर त्यांची नजर तिला उन्हासारखी लागत होती. पुढे लक्ष्मी दारात निरांजन धरून उभी होती, पण पुढे येत नव्हती. घ्यायचे हात तिचे नव्हते. ते हात विहिरीच्या कठड्यापाशी होते, गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले.

"संदीप," आवेलीन म्हणाली.

तो उठला, पण जवळ आला नाही. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. "मावशे, माझ्या हातात नको. बाबाच्या दे. माझे हात..."

आणि तेव्हा तिला अचानक त्याचा इतका राग आला, की दया यायला जागाच उरली नाही. ह्याला आणखी समजवायचंही आपणच? ह्याचे अश्रूही आपणच पुसायचे?

"ऐक रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तुका माफ केलां म्हणून नाय इलंय मी. हयसर येताना पावलापावलाक तुझो राग येयत होतो. आताय येता. तू मान फिरवलंस तां माका मरासर दिसतलां. पण मी येतंय म्हणून बोल दिल्लो, नि आता माझे हात मोडतत. रडाचां आसा तर मागीर रड. घे."

तो आला. त्यानं हात पुढे केले. पेटीची काच चौकटीत खुळखुळली. क्षणभर दोघांचे हात एकाच लाकडावर होते. मग वजन तिकडे गेलं. तिचे हात मोकळे झाले आणि आपोआप वर गेले, जणू तेच आता हलके होऊन उडणार होते.

भिकाजी बाजूला झाला. लक्ष्मीनं ओवाळलं, निरांजनाची वात वाऱ्याशिवायच हलत होती.

---

आत सायबीण चौरंगावर बसली, अबोली चढली, उदबत्ती लागली. आणि मग सगळे आवेलीनकडे पाहू लागले.

तेर्स कोण म्हणणार?

रस्त्यावरून वाड्यातलं कोणी आत आलं नव्हतं. आवेलीन गुडघ्यावर बसली. आमच्या बापाची पहिली अर्धी प्रार्थना तिनं म्हटली आणि सवयीनं थांबली. पुढची अर्धी लोकांनी म्हणायची.

लोक नव्हतेच. लक्ष्मीनं हात जोडले होते, पण तिला शब्द येत नव्हते. इतकी वर्षं ती चाल ऐकत आली होती, शब्द नाही. भिकाजी भिंतीला टेकून उभा. संदीप मेणबत्ती धरून, तोंड मेणासारखंच. घरात मेणबत्तीच्या वातीचा चुरचुर आवाज तेवढा होता. उरलेलं अर्धं तिच्या पुढ्यात ताटात वाढल्यासारखं पडलं होतं, आणि ते उचलायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. इतके महिने जिथं ती लपली होती ती गर्दीच आज नव्हती.

तिनं ते वाक्य म्हटलं. भक्तीनं नाही, रुतलेला काटा दुसऱ्या काट्यानं काढावा तसं, दात दाबून. आम्ही क्षमा करतो तशी. आवाज फुटला, पण शब्द पूर्ण झाला. जपमाळेचे पुढचे दहा मणी झाले की पुन्हा ते आलं, पुन्हा म्हणावं लागलं. त्याच्या पुढच्या दहांनंतरही. शेवटाला आली तेव्हा ते वाक्य काही गोड झालं नव्हतं, फक्त तोंडात बसलं होतं, नव्या दातासारखं.

"आमेन," लक्ष्मी म्हणाली. एवढा शब्द तिला येत होता.

मग तिनं आतून टोप आणला. चणे. ओलं खोबरं, मिरची, वर तेलाचा तवंग; अख्ख्या वाड्याला पुरतील इतके. टोप मध्ये ठेवून ती त्याच्याकडेच बघत बसली.

"खावचे कोणी हे आता?" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

आवेलीन उठली. केळीच्या पानाचे द्रोण करून ठेवलेले होते. तिनं एक भरला. संदीपच्या हातात ठेवला. "खा. उद्या कायतानाच्या दारात तुका उभो रवाचां आसा. तो दार उघडूचो नाय म्हणता."

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय? उभो रवतलंस. मी आसतंय बाजूक. माका आता ठावक आसा, हात खंयसर दुखतत तां."

दुसरा द्रोण भरून ती बाहेर आली. अंगण ओलांडलं. रस्त्यावरचे बरेच जण निघून गेले होते. दुमिंग मात्र माडाखाली होता, हाताची घडी घालून, जायचं की थांबायचं हे न कळल्यासारखा. फुटकी कौलं त्याच्यासमोरच होती. भिकाजीनं ती तशीच ठेवली होती, मुद्दाम, सगळ्यांना दिसावीत म्हणून.

आवेलीननं द्रोण पुढे धरला.

"माका नको," दुमिंग म्हणाला.

ती हलली नाही.

"नको म्हटलां ना गो. किती वेळ धरून रवतलंस? हात दुखतले तुझे."

"दुखूंदे," आवेलीन म्हणाली. "आज सवय झाली."

आणि द्रोण तसाच धरून ती उभी राहिली.